मराठी चित्रपटनिर्मिती, परिसर आणि श्रम : शाश्वततेच्या दृष्टीने एक ऐतिहासिक अभ्यास
(गोंदिया जिल्हा व झाडीपट्टीच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

चित्रपट ही कला असली तरी चित्रपटनिर्मिती हा उद्योग आहे आणि प्रत्येक उद्योगाप्रमाणे तो जमीन, पाणी, लाकूड, इंधन व मानवी श्रम यांवर उभा असतो. मराठी चित्रपटाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीत या साधनांचा वापर कसा बदलत गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. निर्मिती एका गावाशी व एका वास्तूशी बांधलेली होती तोपर्यंत तिचे बरेवाईट परिणाम निर्मात्यालाच भोगावे लागत होते. ती स्थळापासून सुटली तेव्हा हे परिणाम चित्रीकरणस्थळाच्या व रोजंदारी कामगाराच्या वाट्याला गेले, असे या अभ्यासातून दिसून येते. गोंदियासारख्या वनसंपन्न जिल्ह्याच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे.

बीजसंज्ञा : मराठी चित्रपट, शाश्वत निर्मिती, चित्रपट कामगार, झाडीपट्टी रंगभूमी, वनहक्क, गोंदिया जिल्हा.

प्रस्तावना

मराठी चित्रपटाचा इतिहास बहुतांशी दिग्दर्शक, नट, कथा आणि संगीत यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. एखाद्या चित्रपटासाठी किती लाकूड लागले, नेपथ्य मोडल्यावर त्याचे काय झाले, दिवे कशावर चालले, स्वयंपाक कोणी केला आणि दिवे धरणाऱ्या माणसाला मजुरी केव्हा मिळाली, हे प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारले गेले. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी संकल्पना मांडली, तिच्यात भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता वर्तमान गरजा भागविणे अभिप्रेत आहे. ही संकल्पना शेती, पाणी, ऊर्जा या क्षेत्रांना लावली गेली; करमणुकीच्या उद्योगाकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

जागतिक पातळीवर या विषयाची चर्चा एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात चित्रपट व दूरचित्रवाणी उद्योगामुळे होणाऱ्या वायुप्रदूषणाची दखल घेण्यात आली. थायलंडमधील माया बे या किनाऱ्यावर 'द बीच' या चित्रपटाचे चित्रीकरण १९९९ मध्ये झाले. त्यासाठी वाळूच्या टेकड्या व मूळच्या वनस्पती यांत फेरफार केल्यावरून दीर्घकाळ न्यायालयीन लढा चालला. पुढे चित्रपटाने मिळालेल्या प्रसिद्धीमुळे पर्यटकांची इतकी गर्दी झाली की, २०१८ मध्ये तो किनारा बंद करावा लागला आणि २०२२ च्या प्रारंभीच तो पुन्हा खुला झाला. चित्रीकरण काही आठवड्यांचे असले तरी त्याचा परिणाम दशकांचा असू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. तो समजून घेतल्याशिवाय केवळ परदेशी नियमावलींचे अनुकरण केल्यास ते वरवरचे ठरण्याची शक्यता आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) मराठी चित्रपटनिर्मितीतील साधनांच्या व श्रमाच्या वापराचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) त्यासंबंधी झालेल्या कायद्यांचे स्वरूप व मर्यादा तपासणे.
३) झाडीपट्टी रंगभूमीच्या व्यवस्थेतून चित्रपटनिर्मितीला घेता येण्याजोगे धडे शोधणे.
४) गोंदिया जिल्ह्यातील चित्रीकरणाच्या संदर्भात विचारार्थ काही सूचना मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित चित्रपट-इतिहास, कायद्यांच्या तरतुदी व सार्वजनिक नोंदी यांचा आधार घेतला आहे.

घरातील कारखाना : फाळके ते कोल्हापूर

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्याची निर्मिती दादर येथे घरगुती स्वरूपात झाली. प्रकाशासाठी सूर्य होता. कच्ची फिल्म परदेशातून येत असल्याने फुटाफुटाचा हिशेब ठेवावा लागे. सरस्वतीबाई फाळके यांनी संपूर्ण चमूचा स्वयंपाक केला, फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे या कामांत हात लावला आणि भांडवलासाठी आपले दागिनेही दिले. त्यांच्या या श्रमाला चित्रपटाच्या श्रेयनामावलीत स्थान नव्हते. पहिल्या भारतीय कथापटाच्या उभारणीत काटकसर आणि विनामोबदला स्त्रीश्रम या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या, ही बाब शाश्वततेचा विचार करताना विसरता येत नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीची उभारणी केली. बाबूराव आणि त्यांचे नातलग आनंदराव हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत होते. परदेशी कॅमेरा परवडत नसल्याने त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि 'सैरंध्री' (१९२०) हा चित्रपट पूर्ण केला. सुतार, लोहार, शिंपी, चित्रकार आणि तालमीतील मल्ल ही सारी माणसे गावातलीच होती. रंगविलेला पडदा धुऊन पुन्हा रंगविणे, एकाच लाकडी सांगाड्यावर वेगवेगळी नेपथ्ये उभी करणे, पोशाख उसवून नव्याने शिवणे हे नाट्यव्यवसायातील रिवाज चित्रपटात सहज आले. १९२५ च्या 'सावकारी पाश' या चित्रपटात शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचे चित्रण झाले. याचा अर्थ, सामाजिक आशय आणि स्थानिक साधने यांचा मेळ मराठी चित्रपटाला आरंभापासून परिचित होता.

तथापि, या काळाचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. येथील काटकसर टंचाईतून आली होती. तिला परिसरनिष्ठा म्हणता येणार नाही. शिवाय त्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. जुनी रिळे त्यांतील चांदी काढण्यासाठी विकली जात. परिणामी मूकपटांचा फार मोठा भाग कायमचा नष्ट झाला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. साधनाचा पुनर्वापर करताना स्मृतीचीही राख होऊ शकते, हा या इतिहासाचा दुसरा पैलू आहे.

स्टुडिओचे युग : प्रभात आणि श्रमाचा प्रश्न

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तेथे चित्रीकरणाच्या दालनांबरोबरच प्रयोगशाळा, सुतारकाम, शिवणकाम व नेपथ्याचे विभाग एकाच आवारात होते. बाह्यचित्रणाची गरज भागविण्यासाठी आवारातच तळे व बाग तयार करण्यात आली. 'संत तुकाराम' (१९३६) सारखा चित्रपट याच व्यवस्थेतून निर्माण झाला.

शाश्वततेच्या दृष्टीने या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये नोंदविता येतात. पहिले, एका चित्रपटाचे नेपथ्य व पोशाख पुढील चित्रपटासाठी साठवून ठेवणे कंपनीच्याच फायद्याचे होते, कारण साहित्य, गोदाम आणि कारागीर तिचेच होते. दुसरे, कलावंत व तंत्रज्ञ मासिक पगारावर असल्याने दोन चित्रपटांच्या मधल्या काळातही त्यांची चूल पेटत असे. तिसरे, रसायनांचे सांडपाणी, धूर आणि गोंगाट यांच्या सान्निध्यात स्वतः भागीदारांनाच वावरावे लागे. दुष्परिणाम डोळ्यांआड टाकण्यासाठी दुसरे स्थळ उपलब्ध नव्हते.

परंतु मासिक पगार म्हणजे न्याय्य पगार नव्हे. गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादातून प्रभातच्या प्रवेशद्वारापाशी उपोषण केले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, 'जाऊ मी सिनेमात?' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटातील स्त्रीचे स्थान आणि या धंद्यातील शोषण यांविषयी एका कलावतीने मराठीत केलेले हे परखड लेखन होय. चित्रपट-श्रमाच्या इतिहासात या दोन घटनांना महत्त्वाचे स्थान द्यावे लागेल. संस्थेचा नावलौकिक कितीही मोठा असला तरी लेखी कराराचा अर्थ लावण्याची सत्ता एका बाजूकडेच राहिली की श्रमिकाला दाराबाहेर बसावे लागते, हे त्यांतून सिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले आणि चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घालण्यात आली. साधनांच्या वापरावर शासनाने घातलेले हे एक ठळक बंधन होय. युद्धोत्तर काळात सट्टेबाज भांडवल चित्रपटधंद्यात शिरले, नटांना एकेका चित्रपटापुरते मोठे मोबदले मिळू लागले आणि पगारी व्यवस्था कोलमडली. प्रभातचे काम १९५० च्या दशकात थांबले. तिच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

स्टुडिओबाहेर : स्थळापासून सुटलेली निर्मिती

स्टुडिओ मोडल्यावर निर्माता भाड्याने कॅमेरा, भाड्याने दिवे आणि रोजंदारीने माणसे घेऊ लागला. चित्रपट संपला की सारे पांगत. ज्याचे गोदाम नाही त्याला नेपथ्य जपून ठेवण्यात रस नसतो. प्लायवूड, प्लॅस्टर ऑफ पॅरिस, थर्मोकोल यांचा सेट एकदा वापरून मोडणे स्वस्त पडू लागले. बाह्यचित्रीकरणासाठी डिझेलवर चालणारे जनरेटर, मोठ्या गाड्यांचे ताफे आणि बाटलीबंद पाणी आले. ज्या गावात चित्रीकरण होई तेथे मागे काय राहिले, याची नोंद अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात नव्हती.

महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथे चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. सुमारे ५२० एकरांचा हा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि आसपास आदिवासी पाडे आहेत. २०२३ मध्ये तेथील मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या आल्याची घटना गाजली. वृत्तांत बिबट्या 'शिरला' असे लिहिले गेले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता तेथे प्रथम कोण राहत होते, हा प्रश्न अधिक रास्त ठरतो.

पश्चिम महाराष्ट्रातील आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मार्च २०१७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मसाई पठारावर 'पद्मावती' (पुढे 'पद्मावत') या चित्रपटासाठी उभारलेल्या सेटला अज्ञात व्यक्तींनी आग लावली. या घटनेची चर्चा प्रामुख्याने कलास्वातंत्र्य व सुरक्षा या अंगाने झाली आणि ती आवश्यकच होती. मात्र पावसाळ्यात रानफुलांनी बहरणाऱ्या व प्राचीन लेणी असलेल्या पठारावर एवढ्या मोठ्या उभारणीचा परिणाम काय होतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

या काळात आशयाच्या व माणसांच्या निवडीच्या बाबतीत उलट दिशेचे प्रयत्नही झाले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३), 'सैराट' (२०१६) आणि नागपूरच्या वस्तीतील मुलांना घेऊन केलेल्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटांत अभिनयाची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक मुलांना प्रमुख भूमिका मिळाल्या. डिजिटल कॅमेऱ्यामुळे फिल्म धुण्याची रसायने व त्यांचे सांडपाणी जवळजवळ संपुष्टात आले. त्याच वेळी बॅटऱ्या, हार्ड डिस्क आणि विदासाठ्यासाठी लागणारी वीज हा नवा भार निर्माण झाला. तंत्र बदलल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. बहुधा त्याची जागा बदलते.

कायद्यांची वाटचाल

श्रमाच्या बाजूने पाहता १९८१ हे वर्ष निर्णायक आहे. त्या वर्षी संसदेने चित्रपट कामगार व चित्रपटगृह कामगार (सेवा-नियमन) अधिनियम संमत केला. चित्रपट कामगारास लेखी कराराशिवाय कामावर ठेवता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रथमच कायद्यात आले. त्याच वर्षी कल्याण निधीचाही कायदा झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत 'दृक्श्राव्य कामगार' ही अधिक व्यापक संज्ञा घेऊन लेखी कराराची अट पुढे चालविण्यात आली. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम यांनी आधार दिला. परंतु ज्या गावात चार दिवस चित्रीकरण होते तेथील मजूर, स्वयंपाकी, गर्दीतील कलाकार यांच्यापर्यंत लेखी करार पोहोचणे ही अजूनही कठीण गोष्ट आहे.

परिसराच्या बाजूने १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम महत्त्वाचा आहे. त्याच्या कलम २८ अन्वये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येत असे, त्यांत छायाचित्रणाचा केवळ नामोल्लेख होता. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचा स्पष्ट समावेश झाला आणि अधिवासात कोणताही बदल होता कामा नये, तसेच अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होता कामा नये, अशी अट घालण्यात आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. चित्रपट हा निरुपद्रवी पाहुणा आहे हे गृहीतक कायद्याने येथे प्रथम सोडले, असे म्हणता येईल.

प्राण्यांच्या वापराबाबत २००१ चे नियम, १०० पेक्षा अधिक व्यक्तींच्या कार्यक्रमाची पूर्वसूचना व कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक करणारे घनकचरा नियम आणि राज्याची २०१८ ची प्लास्टिक-थर्मोकोल बंदी यांचाही चित्रीकरणाशी थेट संबंध येतो. या सर्व तरतुदींचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की, कायदे कमी नाहीत. ते वेगवेगळ्या खात्यांत विभागलेले आहेत आणि ज्या गावात चित्रीकरण होते त्या गावाला त्यांत बोलण्याची जागा फारशी नाही.

झाडीपट्टी रंगभूमी : एक पर्यायी व्यवस्था

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांच्या वनव्याप्त भागाला झाडीपट्टी म्हणतात. येथील दंडार, खडी गंमत या लोकप्रकारांच्या भूमीवर एक स्वतंत्र नाट्यव्यवसाय उभा राहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे त्याचे केंद्र होय. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये असतात, गावोगावची आयोजक मंडळे तेथे येऊन नाटक ठरवितात आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील कार्याबद्दल गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

या व्यवस्थेचे पहिले वैशिष्ट्य हंगाम हे आहे. धानाची कापणी उरकत आली, दिवाळी झाली, की मंडई भरू लागते आणि नाटके सुरू होतात. ती होळीच्या सुमारास थांबतात. शेतीचे काम आणि करमणूक एकमेकांच्या आड येत नाहीत. दुसरे वैशिष्ट्य पुनर्वापर. रंगविलेले पडदे, पेटी-तबला, पोशाख यांचा एकच संच गाडीत भरून संपूर्ण हंगाम फिरतो. मंच व प्रेक्षकांची जागा गावाच्या मोकळ्या जमिनीवर तात्पुरती तयार होते आणि नंतर ती जमीन पूर्ववत वापरात येते. तिसरे वैशिष्ट्य यजमानपद. प्रयोग गावातील मंडळ आयोजित करते, तिकिटे तेच विकते आणि नफातोटाही त्याचाच असतो. कलावंत पाहुणा असतो आणि गाव मालक असते.

या रंगभूमीच्याही मर्यादा आहेत. हंगाम संपला की कलावंताला शेतमजुरी किंवा अन्य कामाकडे वळावे लागते. लेखी करार सर्रास होत नाहीत. रात्रभर प्रयोग करून पहाटे प्रवास करणाऱ्या कलावंतांच्या, विशेषतः स्त्री कलावंतांच्या, सुरक्षिततेचा व विश्रांतीचा प्रश्न गंभीर आहे. म्हणजेच झाडीपट्टीची परिसराशी असलेली जुळणी अनुकरणीय आहे, पण तिची श्रमव्यवस्था सुधारणेची वाट पाहत आहे. प्रभातच्या संदर्भात जे आढळले त्याचीच येथे पुनरावृत्ती होते. परिसरास सौम्य असलेली व्यवस्था माणसास न्याय्य असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

या रंगभूमीवर आधारित 'झॉलीवूड' हा तृषांत इंगळे दिग्दर्शित चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. झाडीपट्टीतील प्रत्यक्ष कलावंतांनी त्यात भूमिका केल्या. बाहेरून कलाकार आणून स्थानिक बोलीची नक्कल करण्याऐवजी ज्यांची कथा त्यांनाच काम मिळाले, हे सामाजिक शाश्वततेचे जवळचे उदाहरण होय.

गोंदिया जिल्हा : संधी आणि जोखीम

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भातगिरण्या, तेंदूपत्ता, मोहफुले, मालगुजारी तलाव आणि नागझिरा-नवेगावची वने ही त्याची ओळख आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झाला. नवेगावबांधच्या जलाशयाची व पक्ष्यांची ओळख महाराष्ट्राला मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे झाली. सालेकसा तालुक्यात हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कचारगड आहे. धानाच्या बांधांवर घरटी करणारा सारस पक्षी महाराष्ट्रात प्रामुख्याने याच परिसरात उरला आहे.

चित्रपट-व्यवसाय या जिल्ह्याच्या सीमेपर्यंत येऊन पोहोचला आहे. पूर्वेकडे छत्तीसगडमधील दल्ली राजहरा परिसरात 'न्यूटन' (२०१७), उत्तरेकडे बालाघाटसह मध्य प्रदेशातील जंगलांत 'शेरनी' (२०२१) आणि पश्चिमेकडे नागपुरात 'झुंड' यांचे चित्रीकरण झाले. नक्षलवादी हिंसाचाराची भीती ओसरत जाईल तसतशी गोंदियातील वने व तलाव चित्रीकरणासाठी अधिकाधिक मागितले जातील, असा अंदाज करणे अवाजवी नाही. राज्य शासनाने परवानग्यांसाठी एक खिडकी पद्धतही सुरू केली आहे.

या पार्श्वभूमीवर तीन बाबी लक्षात घ्याव्या लागतील.

पहिली बाब कालगणनेची. चित्रपटवाल्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा असतो. त्याच काळात धानाची कापणी-मळणी, तलावांवर स्थलांतरित पक्ष्यांचे आगमन आणि झाडीपट्टी नाटकांचा हंगाम असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपत्ता यांवर अनेक कुटुंबांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. पावसाळ्यात सारसाची वीण होते. मोकळा म्हणावा असा महिना येथे नाही. म्हणून चित्रीकरणाचे वेळापत्रक मुंबईत ठरवून येथे आणण्याऐवजी गावाच्या वेळापत्रकातून जागा शोधावी लागेल.

दुसरी बाब कायद्याच्या सीमेची. कलम २८ ची अट अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात लागू होते. सारस मात्र शेतकऱ्याच्या बांधीत आणि गावतलावाच्या काठी राहतो. कचारगडची वाट, मालगुजारी तलावाची पाळ, गावाशेजारचे जंगल यांपैकी बरेच काही त्या सीमेबाहेर आहे. जेथे निसर्ग आणि शेती एकमेकांत मिसळलेले आहेत तेथे हा कायदा अपुरा पडतो.

तिसरी बाब ग्रामसभेची. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नसल्याने पेसा कायद्याचे संरक्षण येथील आदिवासी गावांना मिळत नाही. त्यामुळे २००६ चा वनहक्क कायदा हाच ग्रामसभेचा मुख्य आधार ठरतो. त्याच्या कलम ५ ने वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूवरील आपला अधिकार प्रत्यक्षात आणला. बांबूबाबत जे शक्य झाले ते चित्रीकरणस्थळाबाबत अशक्य मानण्याचे कारण नाही. जंगलाचे दृश्य हीदेखील त्या जंगलाची एक उपज आहे आणि तिच्या मोबदल्यात राखणाऱ्याचा वाटा असणे न्यायाला धरून आहे.

विचारार्थ सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना मांडता येतात.
१) जिल्ह्यातील वन, तलाव व पूजास्थाने यांच्या परिसरात चित्रीकरणास परवानगी देताना संबंधित ग्रामसभेचा ठराव अनिवार्य असावा.
२) स्थळ पूर्ववत करण्यासाठी अनामत रक्कम घ्यावी आणि ग्रामसभेच्या पाहणीनंतरच ती परत करावी.
३) गर्दीतील कलाकार, मजूर, स्वयंपाकी व वाहनचालक यांनाही मराठीत लेखी करारपत्र द्यावे व मजुरी गाव सोडण्यापूर्वी चुकती करावी.
४) नेपथ्यासाठी प्लास्टर व थर्मोकोलऐवजी बांबू, लाकूड, कापड व रंगविलेले पडदे यांचा वापर करावा. त्यासाठी झाडीपट्टी रंगभूमीतील पडदे रंगविणारे व मंच उभारणारे कारागीर यांची सूची तयार करावी.
५) वापरलेले साहित्य गावातील शाळा, समाजमंदिर किंवा नाट्यमंडळास देण्याची तरतूद आधीच करावी.
६) धानाचा हंगाम, पक्ष्यांचे स्थलांतर व वीण, कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा आणि वनोपज संकलन यांचे एकत्रित वार्षिक कोष्टक जिल्हा प्रशासनाने प्रसिद्ध करावे.

निष्कर्ष

फाळक्यांच्या घरापासून प्रभातच्या आवारापर्यंत आणि तेथून आजच्या बाह्यचित्रीकरणापर्यंतचा प्रवास पाहता असे म्हणता येते की, मराठी चित्रपटाला साधने जपून वापरण्याची कला अवगत होती. टंचाई सरली व निर्मिती स्थळापासून सुटली तेव्हा ती कला मागे पडली. ज्याला परिणामांच्या शेजारी राहावे लागत नाही त्याच्याकडून जपणुकीची अपेक्षा केवळ सदिच्छेवर टिकत नाही. तिला हक्काची व कराराची जोड लागते.

दुसरा निष्कर्ष असा की, परिसर आणि श्रम हे शाश्वततेचे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. सरस्वतीबाईंचा नोंद नसलेला श्रम, शांता आपटे यांचे उपोषण आणि झाडीपट्टीतील कलावंताचा हंगामानंतरचा रिकामा हात हे एकाच इतिहासाचे दुवे आहेत. डिझेल वाचविणारा पण मजुरी बुडविणारा चित्रपट शाश्वत म्हणता येणार नाही.

गोंदिया जिल्ह्याला या बाबतीत एक अनुकूलता आहे. येथे चित्रपटाचा पसारा अद्याप पडलेला नाही, पण कला आणि हंगाम, पाहुणा आणि यजमान यांचे नाते जाणणारी रंगभूमी आहे. नियम आधी व चित्रीकरण नंतर, असा क्रम ठेवण्याची संधी येथे अजून शिल्लक आहे. गाव यजमान राहील अशी व्यवस्था वेळीच झाली, तर चित्रपट या जिल्ह्यात येऊनही येथील तलाव, सारस आणि माणसे आपल्या जागी राहतील.